एकशे चौतीस दिवस

माझे वडील सेलेदोनिओ रिफो एल पेरालच्या मुलांच्या शाळेत एकोणतीस वर्षं इतिहास शिकवत होते. गावात त्यांना सगळे रिफो मास्तर म्हणत. संध्याकाळी चुलीवर किटली चढली की ते टेबलाच्या टोकाला बसायचे आणि मला विचारायचे, "नोल्फा, एकवीस मे?" मी म्हणायची, "इकिकेची आरमारी लढाई, अठराशे एकोणऐंशी." मग पावावर मुरंबा लावून मिळायचा. माझा भाऊ आलिरो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला ते अवघड तारखा विचारत, आणि त्याला त्या सगळ्या येत.

पापांचं म्हणणं असं, की तारखा उगाच पडत नाहीत. आपल्या देशात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक चार सप्टेंबरला होते. बावन्न साली झाली, अठ्ठावन्न साली झाली, चौसष्ट आणि सत्तर साली झाली. हा देश तारखा पाळतो, ज्याला त्या वाचता येतात त्याला पुढचं थोडंफार दिसतं, असं ते वर्गात सांगत आणि घरीही सांगत. आईची शाळा दुसरीतच सुटली होती. ती पीठ मळता मळता म्हणायची, "सेलेदोनिओ, बटाटे कधी लावायचे तेवढं तुझ्या कॅलेंडरला विचारून सांग." पापा हसायचे. तेव्हा त्या दोघांचं चांगलं होतं. मला आठवतंय म्हणून सांगते, कारण पुढे ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना ते खरं वाटत नाही.

आलिरो शिकून मास्तर होईल अशी पापांची आशा होती. तो लाकडाच्या गिरणीत लागला आणि बाविसाव्या वर्षी कामगार संघटनेचा चिटणीस झाला. पापांनी चार दिवस तोंड फिरवलं, पाचव्या दिवशी त्याला संघटनेच्या इतिवृत्तात तारखा कशा लिहायच्या ते शिकवायला बसले.

त्र्याहत्तर सालचा अकरा सप्टेंबर मंगळवारी आला. सकाळी रेडिओवर लष्करी बँड लागला आणि मधून मधून हुकूम वाचले जाऊ लागले. शाळा सुटली. दुपारी कळलं की राजधानीत राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यावर विमानांनी बाँब टाकले आणि राष्ट्राध्यक्ष मेला. आई रडत होती. आलिरो गिरणीत अडकला होता. पापा घरी आले ते सरळ कपाटाकडे गेले, जुन्या वह्या काढल्या आणि पानं उलटत राहिले. मग त्यांनी आम्हाला हाक मारली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही सांगता येत नाही. भीती होती, पण तिच्यात हरवलेली वस्तू सापडल्याचा आनंदही होता.

चोवीस सालीही हीच तारीख होती, ते म्हणाले. एकोणीसशे चोवीस, अकरा सप्टेंबर. तेव्हाही सेनापतींनी सत्ता घेतली, संसद बंद केली, राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेला. आणि पुढच्या तेवीस जानेवारीला लष्करातल्याच तरुण अधिकाऱ्यांनी त्या सेनापतींना हाकलून राष्ट्राध्यक्षाला परत बोलावलं. पापा तेव्हा सात वर्षांचे होते. गावात घंटा वाजवल्या होत्या, ते त्यांना आठवत होतं. त्यांनी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. एकशे चौतीस दिवस.

"तेवीस जानेवारीपर्यंत दम धरायचा," ते म्हणाले. "तोवर तोंड बंद ठेवायचं, एवढंच."

आईने डोळे पुसले. खरं सांगायचं तर आम्हा दोघींनाही बरं वाटलं. सगळं कोसळत असताना कुणीतरी दिवस मोजून दिले होते.

रविवारी, सोळा तारखेला, ओनोफ्रेमामा आला. आईचा हा धाकटा भाऊ डोंगरात खेचरं हाकायचा आणि उन्हाळ्यात खिंडीतून जनावरं पलीकडे आर्जेन्टिनात नेऊन आणायचा. तो अंगणात न बसता उभ्यानेच बोलला. खिंडीत बर्फ अजून आहे, पण वाट त्याच्या पायाखालची होती. तीन दिवस लागतील. दोन घोडी ओढ्यापलीकडे बांधून आला होता, गिरणीतला नेल्सन उर्रा तिथे थांबला होता. आलिरोने आत्ता निघायला हवं. शेजारच्या गावात संघटनेच्या माणसांना घरातून उचलायला सुरुवात झालीय.

आई आत गेली. भाजलेल्या पिठाची पुरचुंडी, वाळवलेलं मांस, लोकरीचे दोन जोड मोजे तिने पिशवीत भरले. आलिरोने बूट चढवले.

पापा दारात उभे राहिले.

"पळणारा माणूस गुन्हेगार ठरतो," ते म्हणाले. "चोवीस साली जे राहिले त्यांच्या नोकऱ्या राहिल्या, जे पळाले ते परत आले तेव्हा त्यांच्या खुर्च्यांवर दुसरे बसले होते. आणि या बर्फात? चार महिन्यांसाठी?"

मामा म्हणाला, "मास्तर, हे चोवीस साल नाही."

"तारीख तीच आहे, ओनोफ्रे."

"तारखेचं काय घेऊन बसलात? मी वाटेत माणसं बघून आलोय. नदीत."

पापांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते आलिरोला म्हणाले, "पोरा, आजवर मी तुला एक तरी तारीख चुकीची सांगितलीय?"

"नाही, पापा," तो म्हणाला. आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

आई पिशवी हातात धरून तशीच उभी. मामाने तिच्या गालाचं चुंबन घेतलं आणि तो एकटाच ओढ्याकडे उतरला. नेल्सन उर्रा त्याच्याबरोबर गेला. चौथ्या दिवशी ते पलीकडे पोचले. नेल्सनच्या उजव्या पायाची दोन बोटं बर्फाने गेली. तो पुढे स्वीडनमध्ये राहिला, त्याला तीन मुली झाल्या.

त्याच दुपारी आलिरो मागच्या अंगणात सरपण फोडत होता आणि मी ढलप्या गोळा करत होते. मी त्याला म्हटलं, बरं झालं तू राहिलास, अठराच्या स्वातंत्र्यदिनाच्या सणाला मला नाचायला कोण नेलं असतं. मी सोळा वर्षांची होते आणि मला नाचाचीच पडली होती. त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली.

"नाच वगैरे काही होणार नाही," तो म्हणाला. "आणि एकशे चौतीस दिवसांतही काही होणार नाही. चोवीस साली राष्ट्राध्यक्ष जिवंत होता गं. त्याला आगबोटीने परत आणता आलं. यांनी मागे कोण ठेवलंय परत आणायला?"

"मग गेला का नाहीस?"

"त्यांच्या यादीत माझ्यानंतर लिंदोरचं नाव आहे. मी सापडलो नाही, तर ते त्याला धरून विचारणार मी कुठंय. त्याला चार पोरं आहेत, त्याला डोंगर चढता येत नाही." लिंदोर संघटनेचा खजिनदार होता, दमेकरी. मग आलिरो हसला. "पापांना सांगू नकोस हां. म्हाताऱ्याला वाटू दे मी त्यांचं ऐकलं. आज पहिल्यांदाच ऐकलंय असं वाटतंय त्यांना."

मी सांगणार नाही म्हटलं.

तीन ऑक्टोबरला, बुधवारी, दुपारची जेवणं झाल्यावर पोलिसांची जीप आली. त्यात हवालदार बासुआल्तो होता, पापांचा जुना विद्यार्थी. त्याने टोपी काढून हातात धरली. फक्त जबानी, मास्तर, संध्याकाळच्या चहाला तो घरी असेल, असं म्हणाला. आलिरोने आईने विणलेला राखाडी स्वेटर चढवला. जीपमध्ये मागच्या बाकावर लिंदोर आधीच बसलेला होता. आलिरोने त्याला पाहिलं, आणि मग वळून माझ्याकडे पाहिलं. बाकी कुणाला काही कळलं नाही. यादी एकच होती आणि त्यांना सगळेच हवे होते.

संध्याकाळी तो आला नाही. सकाळी पापा चौकीवर गेले तेव्हा सांगितलं की आलिरो आणि लिंदोरला कोन्सेप्सिओन शहरात नेलं. कोन्सेप्सिओनला पापा अकरा वेळा गेले. धरलेल्यांना कोंडलं होतं त्या स्टेडियमच्या दारात, लष्करी तळाच्या दारात, तुरुंगाच्या दारात रांगेत उभे राहिले. प्रत्येक ठिकाणी वही चाळून सांगण्यात आलं की या नावाचा कुणी इथे नाही. घरी आले की ते आईला म्हणायचे, तेवीस जानेवारी. उरलेले दिवस सांगायचे. साठ. एक्केचाळीस. सतरा. आई ऐकून घ्यायची. तीही मोजत होती असं मला वाटतं.

तेवीस जानेवारीला कडक ऊन होतं. पापांनी दाढी केली, लग्नातला कोट घातला आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसले. आईने कोंबडी शिजवली. दुपारी त्यांना आत यायला सांगितलं, ते आले नाहीत. रस्त्यावरून लोक जात, टोपी काढून नमस्कार करत आणि पुढे गेल्यावर मागे वळून बघत. उन्हं उतरल्यावर आई बाहेर आली. तिने हात एप्रनला पुसले, फाटक लावून घेतलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तारीख आली," ती म्हणाली. "माझा मुलगा कुठंय?"

त्यानंतर आई त्यांच्याशी बोलली नाही. ही बोलायची पद्धत म्हणून मी सांगत नाही. बारा वर्षं ती एका घरात, एका टेबलावर, त्यांना वाढत राहिली आणि एक शब्द बोलली नाही. काही सांगायचं असेल तर मला सांगायची: "नोल्फा, तुझ्या वडिलांना सांग पाव संपलाय." ते समोर बसलेले असायचे.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. दर दिवशी सांगता आलं असतं. सुरुवातीला वाटायचं, आलिरोला शब्द दिलाय, तो आला की त्याचा तोच सांगेल. मग वाटू लागलं, आईला सांगितलं तर तिला कळेल की मुलाने तिच्यापेक्षा लिंदोरच्या पोरांना निवडलं, आणि तेही फुकट गेलं. पापांवर रागावण्यात ती तगून होती. आणि मी स्वतः? मीही रागावलेली होते. मला ठाऊक होतं की तो थांबला तो त्यांच्यामुळे नाही, तरी ते तसे वाकून बसलेले पाहिले की आत काहीतरी कठोर व्हायचं. भोगू देत, असं वाटायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पापा शाळेत जात राहिले, पण त्यांनी तारखा सोडल्या. मुलं विचारायची, मास्तर, ही लढाई कधी झाली? ते म्हणायचे, झाली एकदा. घरातलं कॅलेंडर त्यांनी उतरवून चुलीत घातलं. पुढच्या वर्षी शाळेला नवा मुख्याध्यापक आला, निवृत्त कॅप्टन. अकरा सप्टेंबरच्या पहिल्या वर्षदिनाला पटांगणात सगळी शाळा उभी केली आणि या तारखेचं महत्त्व सांगायला त्याने रिफो मास्तरांनाच बोलावलं. गावात तारखांचं एवढं ज्ञान दुसऱ्या कुणाला आहे, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. कौतुकाने म्हणाला की टोचून, ते कळलं नाही.

आम्ही मुली भिंतीपलीकडच्या आमच्या शाळेतून बघत होतो. पापा ओट्यावर चढले. सहाशे मुलं, पालक, जीपमधून आलेले दोन अधिकारी. ते मायक्रोफोनपुढे उभे राहिले. मग म्हणाले, "आज बुधवार आहे." आणि जपून एकेक पायरी उतरून खाली आले.

महिन्याच्या आत त्यांची नोकरी गेली. त्यांना उचललं नाही, कारण बासुआल्तोने चौकीत सांगितलं की मास्तरांचं डोकं फिरलंय. त्यानंतर तो रस्त्यात दिसला की पापा त्याला रस्ता सोडून द्यायचे. मी बेकरीत लागले. पापा घरी मुलांना गणित शिकवायचे आणि मागे कोबी लावायचे. ज्यांची सत्ता होती त्यांनीही तारखांचा नाद धरला. नव्या राज्यघटनेचं मतदान त्यांनी मुद्दाम अकरा सप्टेंबरला ठेवलं, मग त्या दिवशी सुट्टी जाहीर केली, राजधानीत रस्त्याला ते नाव दिलं. सुट्टी म्हणून बेकरी बंद असायची आणि मी घरी असायची. त्या दिवशी पापा सकाळपासून वाफे खणायचे, गरज नसली तरी.

आई शहाऐंशीच्या हिवाळ्यात गेली, फुप्फुसात पाणी होऊन. शेवटच्या आठवड्यात पापा तिच्या पलंगाशी बसून असायचे. ती माझ्याकडे तोंड करून पडायची. मला वाटलं, आज सांगावं. मी सूप चमच्याने भरवलं, उशी नीट केली, सांगितलं नाही.

सरकार बदलल्यावर, एक्क्याण्णव साली, एका न्यायाधीशाने पाइनच्या लागवडीत खणायचा हुकूम दिला. सात माणसं निघाली. लिंदोर होता. आलिरो होता, लहानपणी मोडलेलं डाव्या पायाचं हाड आणि कुजलेल्या लोकरीचा एक तुकडा. पापांनी तो तुकडा ओळखला नाही. मी ओळखला, कारण विणताना लोकरीचा गुंडा मीच धरला होता.

पुरायच्या आधी मृत्यूची नोंद करावी लागते. आम्ही दोघं बसने कोन्सेप्सिओनला गेलो. नोंदणी कार्यालयातली मुलगी तिशीची असेल, बोलायला मऊ. तिने सगळं भरलं आणि एका रकान्याशी थांबली. मृत्यूची तारीख. डॉक्टरांच्या कागदात नव्हती. बरेच जण अटकेची तारीख लिहितात, ती म्हणाली, तीन ऑक्टोबर लिहू का?

"सोळा सप्टेंबर," पापा म्हणाले. सतरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी तारीख ऐकली नव्हती.

तिने कागद उलटून पाहिले. तुमच्याच जबानीत आहे की तीन ऑक्टोबरला तो घरातून चालत गेला, ती म्हणाली.

"तो सोळाला मेला, बाई. मी मारला. दारात उभा राहून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पापांच्या दंडाला धरून त्यांना बाहेरच्या बाकावर नेलं आणि सगळं सांगितलं. सरपण, कुऱ्हाड, लिंदोर, चार पोरं. आगबोटीचं बोलणं जसंच्या तसं. तो तुमचं ऐकून राहिला नव्हता, पापा. त्याने तुमचा हिशोब त्याच दिवशी चुकीचा ठरवला होता.

ते ऐकत होते. मान खाली, दोन्ही हात काठीवर. मग त्यांनी आईचं नाव घेऊन विचारलं, "एर्मेलिंदाला माहीत होतं?"

"नाही."

"तिला सांगितलं नाहीस."

"नाही, पापा."

समोरून दोन माणसं कपाट उचलून नेत होती, ती जाईपर्यंत ते थांबले. नंतर त्यांनी माझा हात हातात घेऊन थोपटला. त्यांच्या डोळ्यांत माया होती, मला तीच सहन झाली नाही.

"चांगलं रचलंस, पोरी," ते म्हणाले. "बसमध्ये जुळवलंस ना?"

मी आईची शपथ घेतली. ते म्हणाले, नको, मेलेल्यांना मध्ये आणू नये. खरं असतं तर तू आईला अशी जाऊ दिली नसतीस, एवढी मी तुला ओळखतो. मग ते उठले, आत गेले आणि त्या मुलीला म्हणाले की तिला सोपं पडेल ते लिहावं. तिने तीन ऑक्टोबर लिहिलं. पापांनी सही केली.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मी बाजारातून घेतलेली एम्पानादा, मांस भरलेली करंजी, त्यांनी अर्धी खाल्ली, उरलेली कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेले. मी सगळी वाट तेच पुन्हा मनात सांगून बघत होते. आधी लिंदोरपासून सुरू करून, मग कुऱ्हाडीपासून, मग आलिरोच्या हसण्यापासून, खरं वाटेल असं कसं सांगता येईल ते. एल पेराल आलं तरी सापडलं नाही. त्यानंतर ते सहा वर्षं जगले. त्या सहा वर्षांतही नाही.